फुलांचे तोंड उन्हाळ्याकडे

वसंताचे कौतुक करताना आपण उन्हाळ्याला खलनायक ठरवून मोकळे होतो. फुले आहेत तोवर डोळे भरून पाहून घ्यावीत, पुढे सगळे करपणारच आहे, असा काहीसा निरोपाचा सूर त्या कौतुकात मिसळलेला असतो. घरापुढची लहानशी बाग बरीच वर्षे सांभाळत असल्यामुळे मला हा सूर पटत नाही. बागेतली झाडे या दिवसांत जे काही करतात, ते उन्हाळ्याकडे तोंड करूनच करतात. फुलणे, पालवणे, जुनी पाने टाकून देणे या सगळ्यांमागे येणाऱ्या कडक महिन्यांचा आणि त्यांच्याही पलीकडच्या पावसाचा हिशेब असतो. तो हिशेब थोडाफार कळू लागला की फुलांचा आनंद कमी होत नाही, उलट त्याला पुढची ओढ लागते.

आंब्याचेच पाहा. मोहोर गळून देठांवर हरभऱ्याएवढी फळे धरलेली असताना त्याच झाडाच्या दुसऱ्या फांद्यांच्या टोकांना नवी पालवी फुटते. ही पालवी पहिले काही दिवस हिरवी नसते. तांबूस, जांभळट, मधूनच शेंदरी झाक असलेली ती पाने इतकी लुसलुशीत असतात की त्यांना स्वतःचा भारही पेलत नाही आणि ती ओल्या फडक्यासारखी खाली लोंबत राहतात. हा रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्याचा असतो. कोवळ्या पानातली हरितद्रव्याची यंत्रणा पुरती जुळलेली नसताना त्यावर प्रखर ऊन पडले तर पानाला इजा होऊ शकते, आणि त्या उन्हाचा काही भाग हे रंगद्रव्य स्वतःवर घेते, असे एक स्पष्टीकरण वनस्पतिशास्त्रात दिले जाते. कोवळी पाने खाणाऱ्या किड्यांना हा रंग फारसा खुणावत नाही, असे दुसरे. दोन्हींत तथ्य असावे. लोंबण्याचाही उपयोग आहेच, कारण उभे लोंबणारे पान भर दुपारी माथ्यावरचे ऊन थेट अंगावर घेत नाही. काही दिवसांनी पान ताठ होते, हिरवे होते, देठापाशी वळून आडवे येते आणि कामाला लागते. ऊन कडक होण्याच्या आत हे सारे उरकलेले असते.

पण पाने काढायला झाडाने हाच मुहूर्त का निवडावा? जमिनीचा वरचा थर कोरडा पडू लागलेला असतो आणि पाऊस अजून कित्येक आठवडे लांब असतो. व्यवहारी माणूस पावसाची वाट पाहील. मात्र वर्षातल्या ठरावीक महिन्यांतच पाऊस पडणाऱ्या उष्ण प्रदेशांतली पुष्कळ झाडे पावसाच्या आधी, ऐन कोरड्या दिवसांत पालवतात. जुनी पाने गाळल्यामुळे पाण्याचा खर्च थांबतो, खोलवर गेलेली मुळे मिळेल तो ओलावा खोडात भरून ठेवतात आणि दिवस वाढू लागल्याची खूण मिळताच त्या साठ्यावर नवी पाने उभी राहतात. पाऊस सुरू होतो तेव्हा पूर्ण वाढलेला पर्णभार तयार असतो आणि वाढीचा एकही ओला दिवस वाया जात नाही. फळांचा हिशेबही असाच बसतो. आंब्याची कोय किंवा कडुनिंबाची निंबोळी फार दिवस तशीच पडून राहिली तर तिची रुजण्याची ताकद जाते, त्यामुळे ती जमिनीवर पडणे आणि जमीन ओली होणे यांत फार अंतर राहून चालत नाही. मोहोरापासून पावसापर्यंतचे महिने मोजले की मधला उन्हाळा हा अडथळा वाटेनासा होतो. फळ पिकते ते त्याच्याच उबेत.

दिवस मोठा होतो आहे हे झाडाला कळते कसे, याचा छडा लागायला विसावे शतक उजाडावे लागले. अमेरिकेच्या कृषी खात्यातले गार्नर आणि ॲलार्ड हे दोन शास्त्रज्ञ तंबाखूच्या एका वाणाने चक्रावून गेले होते. तो उन्हाळाभर नुसता उंच वाढत राही, पण फुलत नसे. त्यांनी त्याच्या कुंड्या दुपारीच अंधाऱ्या खोपटात न्यायला सुरुवात केली, म्हणजे झाडापुरता दिवस लहान केला, आणि ते फुलले. 1920 साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. झाड खरे तर दिवसापेक्षा रात्रीची लांबी मोजते, हे पुढे 1938 मध्ये दाखवले गेले. त्यासाठी पानांत प्रकाश ओळखणारे फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य असते, हेही नंतर समजले. शेवंतीची कुंडी रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली ठेवली तर ती फुलायला का कुरकुरते, याचे उत्तर यात आहे. अर्थात प्रत्येक झाड घड्याळाकडेच पाहते असे नाही. काहींना थंडी हवी असते, काहींना उष्मा, आणि काहींना चक्क तहान.

तहान लागल्यावाचून न फुलणाऱ्यांत माझे आवडते झाड लिंबाचे. लिंबूवर्गीय झाडांना फुलांवर आणण्यासाठी काही आठवडे त्यांचे पाणी तोडतात, याला बागाईतदार ताण देणे म्हणतात. पाने किंचित मलूल पडली, काही गळली, की आळे भरून पाणी दिले जाते आणि झाड बहार धरते. कुंडीतल्या लिंबाला मात्र ताण जपूनच द्यावा, कारण कुंडीतल्या मूठभर मातीला वाळायला वेळ लागत नाही आणि ताण कुठे संपला व उपासमार कुठे सुरू झाली हे कळायच्या आत फांद्या वाळू लागतात.

लिंबाचे फूल जवळून पाहण्यासारखे असते, आणि त्यासाठी झाडाखाली थोडे वाकून, काट्यांचा मान राखून उभे राहावे लागते. पानाच्या बेचक्यात आधी टपोरी, घट्ट कळी दिसते. ती उमलली की चार-पाच जाडसर, मेणचट पांढऱ्या पाकळ्या मागे वळतात, आत पुंकेसरांचे पांढरे कडे उभे राहते, प्रत्येकाच्या टोकावर पिवळा परागकोश असतो आणि मधोमध फिकट हिरव्या दांडीवर कुक्षीचा चिकट, ओलसर गोळा चमकत असतो. दोन-तीन दिवसांत पाकळ्या आणि पुंकेसर गळून जातात. मागे उरतो तो टाचणीच्या डोक्यापेक्षा जरासा मोठा हिरवा मणी, आणि त्याच्यावर ती दांडी अजून तशीच उभी. पुढे तीही सुकून पडते. फळ राहिले तर राहिले. बहुतेक मणी राहत नाहीत. सकाळी झाडाखाली पांढऱ्या पाकळ्यांबरोबर हे हिरवे मणीही पसरलेले दिसतात, आणि नव्याने बाग करणाऱ्याला ते पाहून धास्ती भरते. ही गळ बहुतांशी झाडाच्या ऐपतीचा प्रश्न असते. आंब्याच्या एका मोहोरात शेकडो, कधी हजारो फुले असतात आणि त्यांतले एखादे फळ शेवटपर्यंत टिकले तरी झाडाच्या दृष्टीने व्यवहार पुरा झाला. लिंबाचे जे फळ टिकते त्याला तयार व्हायला चार ते सहा महिने लागतात, म्हणजे वसंतातल्या त्या फुलाला सबंध उन्हाळा फांदीवरच काढायचा असतो.

या फुलांवर सकाळच्या प्रहरी मधमाश्यांची जी वर्दळ असते, ती पाहायला मी वेळ राखून ठेवते. मधमाशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर जाते. शेजारी कितीही रंगीत काही फुललेले असले तरी लिंबावर आलेली माशी लिंबावरच फिरते. ती आपल्यासारखे रंग पाहत नाही. लाल रंग तिला दिसत नाही, उलट आपल्याला न दिसणारे अतिनील किरण दिसतात, त्यामुळे आपल्याला एकरंगी भासणाऱ्या कित्येक पाकळ्यांवर तिला मकरंदाकडे नेणाऱ्या खुणा दिसत असतात. नस्टर्शिअमच्या पाकळीवरच्या गडद रेघा तर आपल्यालाही दिसतात, आणि त्या सगळ्या फुलाच्या कंठाकडे उतरतात. अशा खुणा मकरंद शोधणाऱ्या कीटकांसाठी असतात, हे स्प्रेंगेल या जर्मन शिक्षकाने 1793 मध्ये मांडले होते. समकालीनांनी त्याच्याकडे जवळजवळ दुर्लक्षच केले. कित्येक दशकांनंतर डार्विनने त्याचे मोल ओळखले. आपल्या बागेतल्या फुलासमोर नुसते बसून राहणाऱ्याला लोक रिकामटेकडा म्हणतात, त्यांना स्प्रेंगेलचे उदाहरण द्यायला हरकत नाही.

मधमाशीहून मला काळा सुतारी भुंगा अधिक करमणुकीचा वाटतो. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलांत परागकण उघड्यावर नसतात. परागकोशाच्या टोकाला बारीक भोक असते आणि नुसते हुंगून काही हाती लागत नाही. भुंगा फुलाला खालून धरून लटकतो आणि पंख स्थिर ठेवून छातीचे स्नायू जोराने थरथरवतो. त्या क्षणी त्याच्या गुंजारवाची पट्टी एकदम बदलते, आणि परागकण पिठासारखे त्याच्या पोटावर झडतात. मधमाशीला ही युक्ती साधत नाही. भुंगे बागेत यावेत असे वाटत असेल तर कोपऱ्यात एखादा वाळका ओंडका किंवा बांबू पडू द्यावा, ते त्यात पोखरून घर करतात. जिथे भुंगे नाहीत तिथे टोमॅटोच्या फुलांच्या घोसाला सकाळी बोटाने टिचकी मारावी, तेवढ्यानेही फळधारणा सुधारते. फुलांच्या दिवसांत औषधे फवारू नयेत, आणि मावा फारच पडल्यामुळे निंबोळी तेल फवारावेच लागले तर ते संध्याकाळी, माश्या घरी गेल्यावर फवारावे.

संध्याकाळची पाळी वेगळ्यांची असते. मधुमालतीचे फूल तिन्हीसांजेला पांढरे उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी होते आणि तिसऱ्या दिवशी लाल, त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग नांदताना दिसतात. पांढऱ्या अवस्थेत लांब सोंडेचे निशाचर पतंग येतात, नंतरच्या रंगांवर दिवसा उडणारे. चाफ्याचा कारभार मात्र सरळ फसवणुकीचा आहे. त्याच्या फुलात मकरंद नसतोच. रात्री सुगंध दरवळतो, पतंग आशेने एका फुलातून दुसऱ्यात सोंड घालत फिरतात आणि काहीही न मिळवता परागीभवन करून जातात. पाने नसलेल्या बोडक्या, जाड फांद्यांच्या टोकांवर फुलांचे गुच्छ धरणारे हे झाड उन्हाळ्याच्या तोंडावर सर्वांत देखणे दिसते, आणि पाणी विसरले तरी तक्रार करत नाही.

बोगनवेलीबद्दलही तेच म्हणावे लागेल. जे रंगीत कागदी दिसते ती फुले नव्हेतच, ती रंगलेली पाने आहेत. खरी फुले म्हणजे त्यांच्या आतल्या बारीक, फिकट नळ्या, बहुधा तीन. अठराव्या शतकात ज्या फ्रेंच सफरीत ही वेल युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नजरेस पडली, तिच्यावर वनस्पतिशास्त्रज्ञ कॉमर्सनसोबत पुरुषवेशात वावरणारी जान बारे होती, आणि जगप्रदक्षिणा केलेली पहिली ज्ञात स्त्री म्हणून तिचे नाव घेतले जाते. बोगनवेलीला भरपूर पाणी आणि खत घातले तर ती पानांनी माजते. तिला जरा उपाशी ठेवून उन्हात उभे केले की रंगाला येते, आणि तो रंग उन्हाळाभर टिकतो.

या सगळ्यांत खरोखर निरोप घेणारी मंडळी म्हणजे पिटुनिया, फ्लॉक्स, पॅन्सी, स्वीट पी यांसारखी हंगामी फुले. सुकलेली फुले खुडत राहिले तर ती आणखी काही आठवडे फुलतात, कारण बी धरले की झाडाचे काम संपते आणि बी धरू दिले नाही तर ते पुन्हा प्रयत्न करते. पण एका मर्यादेनंतर ही ओढाताण मला बरी वाटत नाही. दुपारी माना टाकणाऱ्या पॅन्सीला सावलीत हलवून, दोनदा पाणी घालून जगवण्यापेक्षा खुडणे थांबवावे आणि तिला बी धरू द्यावे. फ्लॉक्सची बोंडे पुरती वाळली की तडकून बी दूर उडवतात, म्हणून ती पिवळसर होताच काढून कागदी पाकिटात घालावीत आणि पाकीट उघडेच सावलीत ठेवावे. रिकाम्या झालेल्या कुंड्यांत झिनिया, कॉसमॉस, सूर्यफूल यांचे बी टाकता येते. ही तिघे उन्हाला भिणारी नाहीत.

कोणते झाड कधी फुलले याची नोंद ठेवण्याची सवय प्रत्येक बागवाल्याने लावून घ्यावी असे मला वाटते. इंग्लंडमध्ये नॉरफोकच्या रॉबर्ट मार्शमने 1736 पासून पहिले फूल, पहिली पालवी, पहिला पाहुणा पक्षी यांच्या तारखा लिहायला सुरुवात केली आणि त्याच्या वंशजांनी ते काम 1958 पर्यंत नेटाने चालवले. जपानच्या क्योटो शहरात चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासून मिळतात; 2021 साली तिथे 26 मार्चला पूर्ण बहर आला, आणि इतका लवकर बहर तोवरच्या बाराशे वर्षांच्या नोंदींत सापडत नव्हता. तापमान वाढले की वसंत अलीकडे सरकतो, हे अशा वह्यांनी सिद्ध केले. माझी वही साधी आहे, तीत मधमाश्यांपेक्षा चहाचे डाग जास्त आहेत, पण तिच्यामुळे माझ्या झाडांच्या वेळा मला ठाऊक असतात, आणि उन्हाळ्याची तयारी कधी सुरू करायची हे मी दिनदर्शिकेपेक्षा लिंबाच्या कळ्यांवरून ठरवते.

तयारीचे सामान झाडे स्वतःच पुरवतात. पानगळीचा पाचोळा जाळणे किंवा कचऱ्यात घालणे यांसारखा दुसरा करंटेपणा नाही. तोच पाचोळा वाफ्यांवर आणि कुंड्यांत दोन-तीन इंच जाड पसरला, फक्त खोडाला चिकटू दिला नाही, की मातीतली ओल टिकते, मुळांना गारवा मिळतो आणि पावसाळ्यापर्यंत त्याचे निम्मे खत झालेले असते. उन्हाळ्यात झाडाला लागणाऱ्या पाण्याचा बहुतेक भाग पानांतून वाफ होऊन जातो. शोषलेल्या पाण्यापैकी अगदी थोडेच झाडाच्या शरीरात राहते. पण ही उधळपट्टी नव्हे, या बाष्पीभवनानेच पान थंड राहते. म्हणून पाणी भल्या सकाळी, सावकाश आणि मुळांपर्यंत पोचेल इतके द्यावे. रोज वरवर शिंपडल्याने मुळे वरच घुटमळतात आणि तीच आधी भाजतात. दुपारी पाने मलूल दिसली म्हणून लगेच झारी उचलू नये. संध्याकाळी ती आपोआप सावरत असतील तर मातीत पाणी आहे. बोट दोन इंच खुपसून पाहिले की खात्री होते. पानावरचे थेंब भिंगासारखे काम करून पान जाळतात, अशी एक समजूत सर्वत्र आढळते. हंगेरीतल्या संशोधकांनी 2010 मध्ये ती तपासून पाहिली, तेव्हा गुळगुळीत पानांवर थेंबांमुळे डाग पडत नाहीत असे आढळले. लवदार पानांवर, जिथे थेंब केसांवर अधांतरी राहतो, तिथे ती शक्यता उरते. तेव्हा लाल कोळी या बारीक किडीला घालवण्यासाठी पानांच्या मागून पाण्याचा फवारा मारायला बिचकू नये. कुंड्या एकमेकींना खेटून ठेवणे, पश्चिमेकडून शेडनेट लावणे, कुंड्या बदलण्याचे आणि जोरकस खतांचे काम पुढे ढकलणे ही उरलेली कामे एका रविवारी उरकतात.

यानंतर खरी वाट पाहायची ती उन्हाळ्यानेच आणलेल्या फुलांची. एका कुंडीत हिवाळाभर वर काहीच दिसत नाही, नवखा माणूस तिच्यात दुसरे रोप लावून मोकळा होईल. मातीखाली फुटबॉल लिलीचे कंद झोपलेले असतात. ऊन तापले की मातीला एक चीर पडते, तिच्यातून जाड, ठिपकेदार देठ वर येतो आणि काही दिवसांत त्याच्या टोकाला शेकडो बारीक लाल फुलांचा गोळा तयार होतो. लोक तिला मे फ्लॉवर म्हणतात, कारण ती बहुधा मे महिन्याच्या आसपासच येते. पाने मागाहून येतात आणि पावसाळाभर पुढच्या फुलाची शिदोरी कंदात भरतात, म्हणून फूल गेल्यावर तिला विसरणे बरोबर नाही.

आणि मोगरा. त्याला उष्मा हवाच असतो, दिवसाचे सहा तास थेट ऊन मिळाले नाही तर तो पानांवर भागवतो. कळ्या जुन्या फांदीवर येत नाहीत, नव्या फुटीच्या टोकाला येतात, म्हणून थंडी सरता सरता त्याची छाटणी केली, जुनी पाने काढून टाकली आणि मुळांशी गांडूळखत घातले की फुटव्यांच्या जोड्या दिसू लागतात. दिवसभर घट्ट मिटलेली, हिरवट पांढरी कळी संध्याकाळी फुगते आणि अंधार पडता पडता उमलते, दुसऱ्या संध्याकाळपर्यंत तिचा रंग उतरतो. पहिला बहर ओसरला की फांद्यांचे फुललेले शेंडे दोन-तीन पेरे खाली कापावेत. माझी मैत्रीण हे करायला धजत नाही आणि मग उन्हाळाभर माझ्याकडची फुले नेते. कापलेल्या प्रत्येक शेंड्याखाली दोन नव्या फुटी येतात, त्यामुळे दुसरा बहर पहिल्याहून दाट असतो. यंदा पहिल्या कळ्या धरल्या आहेत, पहिला बहर संपण्याच्या आत कातरीला धार लावून घ्यायची आहे.